चौऱ्याण्णव रुपये किलो

उद्यमबागेत संध्याकाळी
भट्टी बंद असली की ऑफिसातला पंखा ऐकू येतो.
एकोणीस वर्षं काढली इथं,
त्याला आवाज आहे हे या महिन्यात कळलं.

टेबलावर हुबळीहून आलेली चौकशी:
ट्रॅक्टरचा ब्रॅकेट, पाच टन,
चौऱ्याण्णव रुपये किलो, वर एक पैसा नाही.
आम्हाला तोच पडतो एकशे एकला.
अण्णांनी कागद चष्म्याखालून पाहिला,
"ब्याड री, लॉस आगतद,"
आणि मोटारसायकलची चावी शोधू लागले.

मी एकशे एकची गाठ सोडवत बसले.
कच्चं लोखंड, भंगार, बेंटोनाइट,
मोल्डरची नगावारी मजुरी:
साचा भरला तर खर्च, नाही भरला तर नाही.
विजेचं बिल मात्र मधल्या जातीचं.
एक आकडा भट्टी थंड असली तरी येतो,
दुसरा युनिटमागे चढतो.
बिल कन्नडात, माझी वही मराठीत,
कॉम्प्युटर इंग्रजीत विचारतो, हा खर्च कुणाचा?
मी तो काकडीसारखा उभा चिरला,
दोन रकान्यांत ठेवला.

बेरीज ब्याऐंशी.
मग उरलेले एकोणीस कोण?

शेडचं भाडं. बँकेचं व्याज.
अण्णांच्या मुलाची गाडी, कारखान्याच्या नावावरची.
मी.
आणि गेटवरचा भरमा मंडोळकर.

भरमा आधी वरच्या रकान्यात होता.
चौदा वर्षं मोल्डर.
मूठभर वाळू दाबून सांगायचा, पाणी जास्त झालंय.
त्याची मजुरी थेट मालात उतरायची,
प्रत्येक पंपाच्या बॉडीत त्याचे चार पैसे ओतलेले.
मग एका मार्चमध्ये लाडलमधून रस सांडला.
उजवा पाय, बुटासकट.
पुढच्या महिन्यात मीच त्याचं नाव खोडलं
आणि 'अप्रत्यक्ष'खाली लिहिलं.
माणूस तोच, पिरनवाडीची सायकल तीच, डबा तोच;
फक्त आता तो कुठल्याच मालात नव्हता,
सगळ्या मालावर थोडा थोडा वाटलेला होता.

माळ्यावर पंपाचा लाकडी पॅटर्न आहे,
पावणेदोन लाखांचा. कंपनी गेली, तो राहिला.
अण्णा प्रत्येक नव्या भावात त्याला आणतात,
रुसलेल्या पाहुण्याला पंगतीत ओढावं तसं.
मी दरवेळी सांगते, तो पैसा बुडाला,
कुठल्याही भावानं वर येणार नाही.
त्यांना पटतं. पुढच्या वेळी पुन्हा विचारतात.
माझ्याही कपाटात एक पत्र आहे, पुण्याच्या कंपनीचं,
इथं रुजू झाल्याच्या दुसऱ्या वर्षीचं.
ते मी कशातच धरत नाही.

चहाचा ग्लास घेऊन भरमा आत आला.
"काय लिहूलैस गं एवढ्या उशिरा?"
"ऑर्डर घ्यायची का, ते."
"आणि मी कुठं हाय ह्यात?"
मी बोट ठेवलं: स्थिर खर्च.
त्यानं अक्षर लावून वाचलं, मग आपल्या पायाकडं पाहिलं,
आणि इतका हसला की चहा
एकशे एकवर सांडला.
"स्थिर! हे डॉक्टरला दाखीव."

चौऱ्याण्णव वजा ब्याऐंशी. बारा.
बारा गुणिले पाच हजार.
साठ हजार, जे भट्टी बंद ठेवली तर येणार नाहीत.
भाडं, भरमा आणि मी मात्र येणारच.
भट्टी भरलेली असती तर अण्णाच बरोबर होते,
हेही खाली लिहिलं, बारीक अक्षरात.

फोन लावला. ते फाटकावर अडकले होते.
"लॉस नाही," मी म्हटलं,
"पण हा रोजचा भाव करू नका."
मालगाडी बराच वेळ जात राहिली.
"येष्ट उळितद?"
"बारा."
"किलोमागे?"
"किलोमागे."

खिडकीबाहेर भरमा गेटला साखळी लावत होता,
एक पाय टाकून,
मग दुसरा आणून.